तिसरा वाटा पाडल्याशिवाय

सुमन, काल विभागात तुझी शोकसभा झाली, आणि तू कशी होतीस ते मला काल पहिल्यांदा कळलं. तू हसतमुख होतीस. मनमिळाऊ होतीस. तू अजातशत्रू होतीस असं आपले विभागप्रमुख म्हणाले, तेव्हा समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी माना खाली घातल्या, कारण ते निम्मे लोक तुझे शत्रूच होते. मीटिंगमध्ये तू तोंड उघडलंस की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, ते काल रांगेनं तुझ्या फोटोला फुलं वाहत होते. फोटो तरी कुठला, तर ओळखपत्रावरचाच मोठा केलेला. त्यात तू अशी दिसतेस की कुणीतरी तुला जबरदस्तीनं गोड बोलायला लावलंय.

मी मागच्या रांगेत बसले होते. बोलायला बोलावतील म्हणून चार वाक्यं जुळवून आणली होती. पण माझ्याआधी तुझा आण्णा उठला, आणि माझी वाक्यं गेली ती गेलीच.

आण्णा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात ताठ उभा होता. फौजेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी माणूस माइकसमोर सावधानमध्येच उभा राहतो. म्हणाला, "मला भाशान येत न्हाई. एकच सांगतो. माजी भन आजारी असताना मी तिच्याम्होरं कागद ठेवला. कसला हाय, कशाला हाय, एका शब्दानं इचारलं न्हाई तिनं. सही केली. आजच्या काळात अशी भन कुनाला गावंल का?"  तो खरंच रडत होता गं. सगळ्या सभागृहानं माना डोलावल्या, बायकांनी पदर डोळ्याला लावले, आणि प्रमुखांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तो कागद हक्कसोडीचा होता. वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा मी राजीखुशीनं भावाला सोडते आहे, असा मुलीनं लिहून द्यायचा कागद. आपल्याकडं घरोघरी होतो तो. आणि तू कोण होतीस? ह्याच कागदावर मुलींनी डोळे झाकून सही करू नये म्हणून जिनं अख्खा व्हिडिओ गेम बनवला, ती बाई. त्या सभागृहात एवढं सगळ्यांना माहीत होतं. कुणाला काही खुपलं नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा मी बसूनच राहिले. घसा बसलाय, अशी खूण केली.

सुमन, आज मला तुझ्यावर रडायचं नाहीये. मला तुझ्याशी भांडायचंय. तू अर्धवट टाकून गेलीस ते भांडण.

सुरुवात तूच केली होतीस. मी कायदा शिकवायची, तू दोन इमारती सोडून कॉम्प्युटर. एकदा तुझा तास रिकामा होता म्हणून तू माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसलीस. मी वारसाहक्क शिकवत होते. मुलीला मुलाइतकाच वाटा, हे मी फळ्यावर लिहिलं, मुलींनी वहीत उतरवून घेतलं. तास संपल्यावर कँटीनमध्ये तू चहात बिस्किट बुडवत मला म्हणालीस, "वकीलबाई, तुझ्या पोरी पेपरात बरोबर उत्तर लिहितात. पण घरी गेल्यावर करतात काय, ते तुला कुठं कळतंय?"

मी म्हटलं, "ते कळायचा काही मार्ग आहे का?"

"आहे की. खेळायला लाव."

मला वाटलं तू थट्टा करतेस. गेम म्हणजे माझ्या डोक्यात गोळीबार आणि पळापळ. मग तू मला बसवून समजावलंस की वैमानिक, डॉक्टर, आगीचे बंब चालवणारे, सगळे आता आधी खेळात चुका करतात आणि मग खऱ्यात करत नाहीत. पुस्तकातून माणसाला नियम कळतो, खेळातून स्वतःचा स्वभाव कळतो, असं तुझं म्हणणं. हे सांगताना तुझे डोळे कसे चमकायचे! काल कुणीतरी तुला हसतमुख म्हणालं, त्यानं तुला त्या वेळी पाहिलं असेल तर मी त्याचं म्हणणं मान्य करते.

खेळाचा कणाही तू तुमच्या रानातून आणलास. उंब्रजजवळच्या तुमच्या मळ्यात तुझ्या वडिलांची आणि चुलत्यांची वाटणी झाली तेव्हा तू लहान होतीस. आपल्या भागातली जुनी पद्धत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. तुझे वडील थोरले. दिवसभर ते खुंट्या आणि दोरी घेऊन रानात फिरत होते. विहीर इकडं गेली तर तिकडं काळी जमीन जास्त, आंबा तिकडं गेला तर गाडीवाट इकडं. तू सांगायचीस, "त्या दिवशी माझ्या बापाइतका न्यायी माणूस जगात नव्हता. कारण उरलेला वाटा त्याच्याच गळ्यात पडणार होता." किती हुशार नियम आहे बघ, कुठल्याही प्रोग्रॅमला शोभेल असा, असं म्हणून तू टेबलावर टिचकी मारायचीस.

मी विचारलं, "तुला आत्या होती ना? त्या दिवशी ती कुठं होती?"

"तिथंच होती," तू म्हणालीस. "चहा करत होती."

मग तू खेळात तिसरा खेळाडू घातलास. थोरला भाऊ, मधला भाऊ आणि बहीण. तिघं तीन कॉम्प्युटरवर बसणार, समोर एकच रान. थोरल्यानं पडद्यावर वाटे पाडायचे, मग सगळ्यात धाकट्यानं आधी उचलायचा. आणि सगळ्यात धाकटी तू बहीणच केलीस. नियम तुमच्याच वाडवडिलांचा, फक्त तो तिलाही लावला. वाटे झाल्यावर ऊस लावायचा, पाणी द्यायचं, बांधावरून भांडायचं, हंगामावर हंगाम जाऊ द्यायचे, आणि शेवटी तिघांनी बसून बोलायचं. त्या बोलण्यासाठी मी. गेमचं नाव तू 'वाटणी' ठेवलंस. विद्यापीठानं सुचवलेलं नाव होतं 'सलोखा'. त्यावर तू प्रमुखांना जे उत्तर दिलंस ते मी इथं लिहीत नाही.

पहिल्यांदा खेळ चालवला तो दिवस आठवतो? थोरल्याच्या जागी कडेगावचा एक मुलगा होता, गुणी, माझ्या वर्गात पहिला येणारा. त्यानं मन लावून रान वाटलं. विहीर मधोमध घेतली, वाट दोन्हीकडं दिली, काळीला काळी लावली. आणि खेळ थांबला. त्यानं इकडं टिचकी मारली, तिकडं मारली. मग हात वर केला.

"मॅडम, हँग झालंय."

मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा त्यानं तसेच सुरेख वाटे पाडले, पुन्हा खेळ थांबला. बहिणीच्या जागी बसलेली मुलगीही मान लांब करून म्हणाली, "पीसी बदलून बघ की." पलीकडच्या टेबलावरही तेच. त्याच्या पलीकडंही तेच. सगळी लॅब हँग झाली होती. तू हाताची घडी घालून मागं उभी होतीस. शेवटी म्हणालीस, "हँग नाही झालेलं. एक वाटा पाडायचा राहिलाय."

"कुनाचा, मॅडम?" त्यानं खरोखर विचारलं.

"तुझ्या शेजारी कोण बसलीय?"

लॅबमध्ये हशा पिकला. तोही लाजून हसला, आणि त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं हे मी आजही शपथेवर सांगेन. म्हणाला, "पर ती सोडनारच हाय की. सोडनार न्हवं का गं?"

आणि ती म्हणाली, "व्हय मॅडम, मी सोडते की."

तिसरा वाटा पाडल्याशिवाय खेळ पुढं जायचाच नाही, ही तुझी योजना होती. पण पुढंही काय व्हायचं? थोरला नाइलाजानं तिसरा वाटा पाडायचा, पहिली पाळी बहिणीची यायची, आणि तिच्या पडद्यावर दोन बटणं यायची. एक 'उचल', एक 'हक्कसोड'. मुली दुसरं बटण असं दाबायच्या की जणू उशीर झाला तर मार बसेल. मग सगळा खेळ संपेपर्यंत त्यांना काही कामच उरायचं नाही. भाऊ पाण्यावरून भांडतायत, ऊस तुटून चाललाय, आणि ही गप्प बसलेली. हंगाम सरला की तिच्या पडद्यावर एक ओळ यायची, 'साडीचोळी मिळाली.' पहिल्यांदा मुली हसायच्या. नंतर नंतर हसायच्या नाहीत. ते रिकामं बसणं हाच तुझा धडा होता.

आपलं भांडण त्या बटणावरून. मी म्हणायची, काढून टाक. निदान पहिल्या पाळीत तरी देऊ नकोस. एकदा वाटा हातात घेऊन कसू दे त्यांना, म्हणजे सोडताना काय सोडतोय ते कळेल. तू म्हणायचीस, "बटण काढलं तर पोरी इथं जिंकतील आणि घरी जाऊन सही करतील."

"आणि ठेवलंस तर इथंही करतात."

"मग इथंच कळू दे की. इथं रडलं तर चालतं."

किती वेळा झालं हे भांडण. लॅबमध्ये, कँटीनमध्ये, सांगलीच्या एसटीत उभ्यानं. लोक वळून बघायचे, ह्या दोघी कसली जमीन वाटून घेतायत म्हणून. तुझ्याकडं मुद्दे संपले की तू एकच अस्त्र काढायचीस. "तुला भाऊ नाही ना, म्हणून तुला बोलायला सोपं आहे." त्यावर मला उत्तर सुचायचं नाही. आजही सुचलेलं नाही. पण ते उत्तर नसलं म्हणून तू बरोबर ठरत नाहीस, एवढं ऐकून ठेव.

तुझं देणं मी नाकारत नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात जे बोलणं कधी ऐकलं नव्हतं ते मला तुझ्या खेळानंतरच्या तासाला ऐकायला मिळालं. मिरजेच्या अत्तरवाल्यांची ती मुलगी आठवते, खेळ संपल्यावर सगळ्यांत शेवटी बोललेली? "मॅडम, आमच्यात मुस्लिमांत कायद्यानं भावाच्या निम्मा असतो. सोडताना मात्र सगळा सोडत्यात." आणि पाटणची ती, जी दुसऱ्यांदा खेळली, तिसऱ्यांदा खेळली, आणि दर वेळी हक्कसोड दाबून म्हणायची, "शेजारी बसलेला नाराज झाला ना मॅडम, कसं उचलू?" शेवटी एकदा तिनं कुठलंच बटण दाबलं नाही. आपली पाळी जाऊ दिली, भावांना आधी उचलू दिलं आणि उरलेला मुरमाड माळ पदरात घेतला. "घेतला!" अशी ओरडली की बाहेरून लोक आत डोकावले. त्या दिवशी तू मला कँटीनमध्ये ओढत नेऊन कटवडा खायला घातलास. आपल्याला दोघींनाही डॉक्टरनं तिखट बंद केलेलं होतं. "माळ का असेना," तू डोळे पुसत म्हणत होतीस, आणि डोळ्याला पाणी तिखटाचं की कशाचं, मी विचारलं नाही. तेवढा एक दिवस मला मिळाला त्याबद्दल मी तुझी उपकृत आहे. पण सुमन, आपण होऊन पहिला वाटा उचलणारी मुलगी आपल्याला मिळाली नाही. सगळ्या वर्गांत एकही नाही.

आणि मग ती तपासणी समिती. प्रमुखांना समितीला गेम दाखवायचा होता, पण 'जरा आनंदी शेवट' हवा होता. गेम आहे तर शेवटी टाळ्या वाजल्या पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं तू पेटशील. तू शांतपणे 'बरं' म्हणालीस, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. समितीपुढं मुलीनं हक्कसोड दाबलं आणि पडद्यावर झेंडूच्या माळा उतरल्या, सनई वाजली, सगळं कुटुंब फोटोला उभं राहिलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तू उपरोधानं केलं होतंस. समितीनं मनापासून टाळ्या वाजवल्या. एक गृहस्थ तर म्हणाले, हीच आपली संस्कृती, डोळे भरून आले. तू माझ्याकडं बघितलंस ती नजर मी विसरणार नाही. ते झेंडूचं रूप नंतर तुला काढू दिलं नाही कुणी. काल सभेत जाहीर झालंय की लॅबला तुझं नाव देणार आणि पाहुण्यांना तेच रूप दाखवणार. तुझ्या नावाखाली रोज एक बहीण वाटा सोडणार आणि सनई वाजणार. मी आजच लेखी विरोध दिलाय. त्याचं काय होईल ते तुलाही माहीत आहे.

आता त्या सहीबद्दल.

तू आजारी पडलीस तेव्हा आण्णानं जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दर उपचाराला गावाहून गाडी घेऊन यायचा. तुला उलट्या व्हायच्या तेव्हा भांडं तो धरायचा, मला धरू द्यायचा नाही. सांगलीतल्या दवाखान्याच्या बाकावर फौजी माणूस असा बसून राहायचा की नर्सबाई त्याला घाबरायच्या. आण्णा वाईट माणूस असता तर माझं काम सोपं झालं असतं. मी त्याच्यावर चिडले असते आणि मोकळी झाले असते. तो चांगला आहे, आणि चांगला असूनही त्यानं तो कागद पुढं केला. ताकद नसताना तुला कराडला नेलं, कचेरीत खुर्ची मागून घेतली, तुला पाणी दिलं आणि सही घेतली. यात आपण काही वावगं करतोय असं त्याच्या मनालाही शिवलं नाही. आपल्या लॅबमधल्या त्या गुणी मुलासारखाच.

पण तुला तर माहीत होतं ना? कुणाला नसेल, तुला होतं. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तू खिडकीकडं तोंड करून म्हणालीस, "झालं एकदाचं. आण्णाच्या नावावर करून टाकलं." आधी मला कळलंच नाही. कळल्यावर मी काय काय बोलले ते तू ऐकलंयस. तू मध्ये एकदाच बोललीस.

"दवाखान्यातनं सुटल्यावर मला जायला एक घर पायजे गं."

"घर तुझंच होतं की, सुमन!"

"कागदावर होतं," तू म्हणालीस.

तू लग्न केलं नाहीस, सांगलीत भाड्यानं राहिलीस, आणि घर म्हणजे तुला तेवढंच ठाऊक होतं. हे मला कळत नाही असं समजू नकोस. कळतं. पटत नाही. पुढं कितीतरी दिवस आपण बोललो नाही. मग बोलायला लागलो, पण औषधांवर, हवेवर, प्रमुखांच्या नव्या गाडीवर. तो विषय ना तू काढलास, ना मी. गौरीला आण्णा तुला घरी घेऊन गेला. ज्या घरासाठी एवढा जीव टाकलास त्या घरात तू तेवढंच राहिलीस, गौरी जेवून निघेपर्यंत. पुढच्या उपचारासाठी परत आलीस ती आण्णानं दिलेली जांभळी इरकल नेसून. मला पदर दाखवलास आणि म्हणालीस, "बघ, स्क्रीनवरची साडीचोळी मिळाली." आणि हसलीस. मी हसले नाही. तू एकटीच बराच वेळ हसत होतीस, मग खोकला आला.

हे सगळं घेऊन मी काल सभेतून निघून माझ्या खोलीत येऊन बसले, तर मागोमाग आण्णा. दारातच थांबला. म्हणाला, "मॅडम, येऊ का?" खुर्ची दिली तरी टेकल्यासारखा बसला.

"सुमीचा आवाज तुमच्याकडं हाय म्हनं. त्या खेळात. फोनवर तिचं बोललेलं काय न्हाई माज्याकडं. कवा सुदरलंच न्हाई ठिवायला. तेवढं माज्या मोबाइलवर घालून द्या. घरात पोरं आठवन काढत्यात."

आवाज होता. खेळातल्या भावांचे आवाज विद्यार्थ्यांनी दिले होते. बहिणीची सोडण्याची वाक्यं म्हणायला तिघी-चौघी तयार होत्या, पण उचलण्याचं वाक्य म्हणायला एकही तयार होईना. घरी कुणी ऐकलं तर? म्हणून बहिणीचा सगळाच आवाज तू दिलास. मी कॉम्प्युटर उघडला. तुझ्या नावाचा कप्पा सापडला. त्यात तुझी सगळी वाक्यं ओळीनं होती. मी नावं वाचत गेले आणि शेवटच्यावर थांबले. 'उचल.' ते वाक्य मी कधी ऐकलंच नव्हतं. कुठल्याच वर्गात कुणी ते बटण दाबलं नव्हतं, मग ऐकणार कुठून? मी आण्णाला म्हटलं, "हे ऐका." आणि तेच लावलं.

सुमन, तू ते कधी रेकॉर्ड केलंस मला माहीत नाही. मागं पंख्याची घरघर आहे. तू घसा साफ करतेस. मग तुझा आवाज येतो, वर्गातला नाही, माझ्याशी भांडतानाचाही नाही. मी तो आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. "आण्णा, वाटे तू पाडलेस. आता आधी उचलायचा मान माझा हाय. मला हिरीकडचा वाटा पायजे."

आपल्या खेळातल्या थोरल्या भावाला सगळे 'दादा' म्हणतात. लिहून ठेवलेल्या वाक्यातही 'दादा' आहे, मी ते स्वतः तपासलं होतं. विहीर लिहिलंय, हीर नाही. तुझ्या बाकीच्या सगळ्या वाक्यांत दादाच आहे. ह्या एकाच वाक्यात आण्णा आहे.

आण्णा खुर्चीत पुढं सरकला. म्हणाला, "ह्ये खेळातलंच हाय न्हवं?"

"खेळातलंच."

"मग माजं नाव कसं आलं?"

 त्यानं हात लांब करून पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. ह्या वेळी त्यानं डोळे मिटून घेतले. तुझी हीर तुझ्या तोंडून ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर काय आलं, ते तुला सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं. मला त्याची दया आली आणि त्या दयेचा राग आला.

मग तो हळूच म्हणाला, "दुसरं कायतरी द्या, मॅडम. घरात लावता येईल असं."

दुसरं आहे ना, सुमन. ढीगभर आहे. 'दादा, मला काही नको.' 'तुझं ते माझंच की.' 'मी सही करते, तू काळजी करू नकोस.' इतकी गोड, इतकी मऊ की ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी होईल. त्याच्या मोबाइलवर ती घातली असती तर तो सुखानं गावी गेला असता, गौरीगणपतीला सगळ्या घरानं मांडी घालून ती ऐकली असती, आणि नातीसुद्धा ते वाक्य ऐकत ऐकत मोठ्या झाल्या असत्या.

मी म्हटलं, "दुसरं नाही. एवढंच आहे. हवं असेल तर देते."

त्यानं मोबाइल हातात घेतला, पुन्हा खिशात ठेवला. "बघतो," म्हणाला आणि उठला. दारात वळून मला नमस्कार केला, तो मात्र खरा होता.

तो गेल्यावर मी ते वाक्य एकटीनं पुन्हा ऐकलं. त्यात कुठं आवाज कापत नाही. कुठं अडखळत नाहीस तू. त्या सहीपासून मी समजत होते की तुला ते म्हणताच येत नव्हतं, आजारानं, मायेनं, भीतीनं, आणि त्या समजुतीवर मी तुला कधीतरी माफही केलं असतं. येत होतं की गं तुला म्हणता. बंद खोलीत, पंख्याखाली, कुणी नसताना किती स्वच्छ म्हटलंयस. मग तो समोर बसला होता तेव्हा का नाही म्हणालीस?